आरशातली आकाशगस्त

आत्याने आयुष्यात टीव्ही कधी सरळ पाहिला नाही. यात दोष आत्याचा नव्हता, दुकानाचा होता.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. शिलाईचं मशीन दारापाशी, कारण उजेड तिथे. मशीनवर बसलं की तोंड भिंतीकडे, आणि त्या भिंतीवर डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेल असा आरसा, गिऱ्हाइकांनी कपडा घालून पाहावा म्हणून. टीव्ही मात्र आत्याच्या पाठीमागे फळीवर, कारण विजेचं बटण त्या एकाच भिंतीला होतं. आता ज्या बाईचे दोन्ही हात सुईखाली आहेत तिने मान वळवून टीव्ही बघितला, तर बोट शिवलं जाणार हे उघड आहे. म्हणून आत्या आरशात बघायची. समोर आरसा, आरशात टीव्ही, टीव्हीत अंतराळ, आणि खाली पाय आपले मशीन चालवतायत.

आणि बघायची काय, तर 'आकाशगस्त'.

ही मालिका भिंगरीच्या जन्माच्या आधीपासून चालू होती. भिंगरी ही आत्याची भाची. खरं नाव शाळेच्या हजेरीत. बाकी सगळीकडे भिंगरी, कारण ती एका जागी कधी टिकली नाही. मालिका मात्र टिकली. तिच्यातले कप्तान बदलले, शत्रू बदलले, एकदा तर ग्रहच बदलला आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सुरुवातीच्या भागांत उल्कापात होई तेव्हा कुणीतरी बाजूला उभं राहून खडे फेकतंय, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अंतराळनौकेचं नाव 'निर्धास्त', पण तिला सगळे 'खटारा' म्हणत, कारण दर भागात ती बंद पडे. मग इंजिनाच्या खोलीतून मिस्त्रीणबाई यायच्या. हातात पाना, गालावर काळा डाग. यंत्राला एक दणका घालायच्या, कान लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चालतंय अजून."

एवढंच. पण हे वाक्य आलं की आत्याच्या मशीनचा वेग वाढायचा. भिंगरीचे बाबा म्हणत, माझ्या बहिणीला सगळ्या विश्वात दोनच गोष्टींची काळजी, एक खटाऱ्याचं इंजिन आणि दुसरं लोकांचं काज-बटण.

आत्या एकटीच वेडी असती तर घरातल्या घरात निभावलं असतं. पण वेड सर्दीसारखं असतं. दातांचे डॉक्टर एकदा पँट आखूड करायला आले, आणि खटारा कृष्णमेघात अडकलेला पाहून तिथेच स्टुलावर बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. मागून बसचे ड्रायव्हरकाका आले. मग कोपऱ्यावरची पार्लरताई आली, आणि तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की कप्तानाचे केस कापणाऱ्याला तुरुंगात टाकायला हवं. भाग असेल त्या संध्याकाळी ही मंडळी दुकानात जमत. फळीकडे तोंड केलं तर आत्याला पाठ व्हायची, म्हणून तीही आत्याच्या मशीनमागे स्टुलं मांडून आरशातच बघत. मालिकेचं नाव उलट्या अक्षरांत यायचं. ते या सगळ्यांना आता सुलट्यापेक्षा लवकर वाचता यायचं.

एकमेकांना भेटल्यावर ती नमस्कार-चमत्कार करत नसत. एकाने विचारायचं, "चालतंय ना?" दुसऱ्याने म्हणायचं, "चालतंय अजून." भर रस्त्यात बस थांबवून ड्रायव्हरकाका खिडकीतून डॉक्टरांना हे विचारत, आणि मागचे प्रवासी समजत की बसबद्दलच बोलणं चाललंय.

मग डगले आले. गस्तीच्या माणसांचा डगला म्हणजे शेवाळी रंगाचा, गुडघ्यापर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरकी पट्टी आणि छातीवर पितळी बिल्ला. आत्याने पहिला डगला बेतला तो आरशात बघत बघत, हाताने कागदावर. डॉक्टरांना घातला, आरशाच्या कडेला आपल्याकडे तोंड करून उभं केलं. इकडे डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी आरशात टीव्हीतला कप्तान. पट्टीला पट्टी, बिल्ल्याला बिल्ला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणं हा त्यांचा धंदा, स्वतःच्या डोळ्यांत आलेलं त्यांना नवीन होतं. तो कागद आत्याने जपून ठेवला आणि पुढचे सगळे डगले त्याच्यावरूनच निघाले.

स्वतःसाठी मात्र तिने डगला शिवला आणि कधीच घातला नाही. आत्या तशीच होती. दुसऱ्याला नटवावं, आपण आरशाच्या कडेला उभं राहावं, तोंडात टाचण्या धरून. टाचण्या तोंडात असल्या की बोलावंही लागत नाही.

या वर्षी सगळं बदलणार होतं. 'आकाशगस्त'च्या चाहत्यांचा मोठा मेळावा पहिल्यांदाच यांच्या गावातल्या सभागृहात भरणार होता. दूरदूरचे गट येणार, प्रत्येक गट आपापल्या डगल्यांत मंचावरून चालत जाणार आणि पाहुण्या म्हणून खुद्द मिस्त्रीणबाई येणार. म्हणजे ती भूमिका करणारी बाई. पण तिचं खरं नाव घेणारा माणूस त्या गावात सापडला नसता.

गटाच्या चालण्याच्या वेळी माईकवर बोलायचं काम भिंगरीकडे आलं. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात धडा वाचायला उभी राहिली की आवाज घशातच वस्तीला राहायचा. मग शाळेच्या कार्यक्रमात ऐन वेळी निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी भिंगरीला पुढे ढकललं, आणि भिंगरीला शोध लागला की आपल्याला आवाज आहे, तोही चांगला खणखणीत. तेव्हापासून तिच्या हाती चमचा जरी दिला तरी ती त्यात बोलून बघत असे.

तिनेच आत्याच्या मागे भुणभुण लावली. या वेळी तू चालायचंस. डगला घालून, सगळ्यांच्या पुढे. आत्या नाही म्हणाली, मग बघू म्हणाली, मग एका दुपारी बटणं लावता लावता हळूच म्हणाली, "मिस्त्रीणबाई अगदी जवळून दिसतील का गं?" भिंगरी समजली. जमलं.

आता गटाचा फलक बनवायचा होता. भिंगरीने शाळेच्या कॉम्प्युटरवर एका बाजूला मालिकेतल्या गस्तीपथकाचा फोटो घेतला, दुसऱ्या बाजूला आपल्या गटाचा, दुकानाच्या पाटीखाली उभा राहून काढलेला. दोन्ही शेजारी शेजारी आले आणि तिचा हात थांबला.

कप्तानाचा बिल्ला डाव्या छातीवर होता. डॉक्टरांचा उजव्या.

तिने मिस्त्रीणबाई पाहिल्या. डावीकडे. ड्रायव्हरकाका पाहिले. उजवीकडे. पट्ट्यासुद्धा उलट्या तिरक्या. गस्तीची सलामी, हात बिल्ल्यावर ठेवून करतात ती, मालिकेत उजव्या हाताने होती. आपली सगळी मंडळी डावा हात छातीशी धरून हसत होती. हे फोटो आधीही काढले होते, पण फोटोत जो तो आपलं तोंड बघतो, पट्टी कोण बघतंय?

आणि मग तिला तो आरसा आठवला, आणि सगळा उलगडा झाला. आत्याने जसं दिसलं तसं बेतलं. दिसत होतं ते आरशातलं. आणि डगला घालून माणूस त्याच आरशाच्या कडेला उभा राहिला की आरशातल्या कप्तानाशी सगळं तंतोतंत जुळायचं. म्हणजे चूक ज्याने करायला लावली त्याच आरशाने दर वेळी ती बरोबर म्हणून पास केली होती.

भिंगरीला आधी हसू आलं, मग मेळावा आठवला. मेळाव्याला येणारे लोक साधे नव्हते. कुठल्या भागात कप्तानाच्या बुटाची नाडी सुटली होती हेही त्यांना पाठ. ते बघणार. आणि आत्या, जी आयुष्यात पहिल्यांदा पुढे चालायला तयार झाली होती, तिच्याकडे बघून हसणार.

सांगावं तर आत्या घरी बसेल. न सांगावं तर तोंडघशी पडेल. भिंगरीने तिसरा मार्ग काढला, जो हुशार माणसं घाईत काढतात. तिने गटाचा फोटो कॉम्प्युटरवर उलटा फिरवला. बिल्ले डावीकडे आले, पट्ट्या जागेवर आल्या. निदान फलक तरी बरोबर. फलक छापून आला, तिने तो दुकानात आणून ऐटीत उलगडला आणि आत्याचं तोंड बघत उभी राहिली.

आत्या बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "भिंगरे, माझी पाटी का उलटी?"

फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर 'येथे सर्व प्रकारचे कपडे शिवून मिळतील' अशी पाटी होती. भिंगरीचं सगळं लक्ष बिल्ल्यांवर. पाटीतलं प्रत्येक अक्षर मागे तोंड करून उभं होतं, जसं काही रुसलंच होतं.

थाप मारायचा तिने प्रयत्न केला, पण आत्यापुढे थाप टिकत नाही. ती माप घेतल्यासारखी बघते. शेवटी सगळं सांगावं लागलं. आत्या उठली. भिंतीवरचा आरसा पाहिला, पाठीमागचा टीव्ही पाहिला. बोटाने हवेत डावं-उजवं करून बघितलं. मग स्टुलावर बसली आणि नुसतं म्हणाली, "इतकी वर्षं."

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्यांना निरोप धाडले होते. डगले घेऊन या, उसवायचे आहेत.

मंडळी आली. डगले आले. आत्याने ब्लेड घेतलं होतं. तिने मान खाली घालून काय झालं ते सांगितलं. मग डॉक्टरांनी आपला डगला घातला, आरशाकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, पुन्हा आरशाकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं ते आवरेना.

"ताई," ते म्हणाले, "मी दिवसभर एवढ्याशा आरशातून लोकांच्या दाढा बघतो. डावी दाढ उजवीकडे दिसते हे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आणि माझ्याच छातीवरचा बिल्ला मला कळला नाही. पेशंटना सांगू नका, एक येणार नाही."

ड्रायव्हरकाका म्हणाले, मी तर मागची गाडी रोज आरशातच बघतो, मी काय बोलू. पार्लरताईने कपाळावर हात मारला. तिचं अख्खं आयुष्य खुर्चीमागे उभं राहून आरशात बघण्यात गेलेलं. ज्यांचं आरशावाचून पान हलत नाही अशी सगळी माणसं गावातून वेचून एका दुकानात जमली होती, आणि त्यांतल्या एकालाही काही कळलं नव्हतं.

पण उसवायला कुणी तयार होईना. डॉक्टर म्हणाले, याच डगल्यात मी माझ्या मुलीच्या लग्नात नाचलोय. पार्लरताई म्हणाली, माझ्या डगल्याला हात लावलास तर तुझे केस कोण कापतं ते बघतेच मी. ड्रायव्हरकाका फार बोलत नसत. त्यांनी आपला डगला आत्याच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि त्यावर बसले.

आत्या हसली. पण भिंगरीला ते हसू ओळखीचं होतं. गिऱ्हाइकाला कपडा घट्ट झाला की आत्या तसं हसते. सगळे गेल्यावर ती म्हणाली, तुम्ही चाला. मी येईन, पण मागे बसेन. भिंगरीने परोपरीने समजावलं. आत्याने स्वतःचा डगला इस्त्री करून खुंटीला लावला, त्यावर जुनी चादर टाकली, आणि विषय मिटला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आत्या पुढे निघून गेली, तेव्हा भिंगरीने चादर उचलली, डगला घडी करून आपल्या पिशवीत घातला, त्यावर पाण्याची बाटली आणि नव्याने छापलेला, सरळ पाटीचा फलक ठेवला. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं कशासाठी. पण तो डगला चादरीखाली सोडून जाणं तिच्या जिवावर आलं.

सभागृहात पाऊल ठेवलं आणि तिला वाटलं, एवढी वेडी माणसं एकाच छपराखाली. आजोबा-नात एकाच रंगाच्या डगल्यात. एका बाईने खटाऱ्याच्या आकाराची पर्स केली होती आणि तिचं झाकण खटाऱ्यासारखंच अडकत होतं. अनोळखी माणसं समोरासमोर आली की "चालतंय ना?" म्हणत होती आणि उत्तर मिळालं की जुने शेजारी भेटल्यासारखी गप्पांना लागत होती. एका कोपऱ्यात दोन गृहस्थ, तिसरा कप्तान चांगला की चौथा, यावर हातघाईवर आले होते. त्यांच्या बायका बाजूला बसून एकमेकींना बिस्किटं देत होत्या. त्यांना हे भांडण दर मेळाव्याचं.

पहिल्या रांगेत मिस्त्रीणबाई बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा जाड, पण अंगात तोच जुना डगला, आणि गालावर कुणीतरी हौसेने काळा डाग काढून दिलेला. आत्या सगळ्यांत मागे, खांबाच्या आडोशाला. गळ्यात मापाची टेप. ती काढायची राहून गेली होती, की तिच्याशिवाय आत्याला चुकल्यासारखं होतं, कोण जाणे.

गट एकामागून एक चालून गेले. यांची पाळी आली. भिंगरीने माईक घेतला. डॉक्टर, ड्रायव्हरकाका, पार्लरताई मंचावर आले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांनी सलामी दिली. डाव्या हाताने. उजव्या छातीवर.

आधी कुजबुज झाली. मग समोरून, कडक इस्त्रीच्या डगल्यांच्या गटातून, एक चष्मेवाले गृहस्थ उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, फक्त अचूक होता. ते म्हणाले, "बिल्ला चुकलाय हो. अख्खी रांगच चुकलीय." आणि हशा पिकला. मोठा, सभागृहभर.

डॉक्टरांचा हात छातीवरून खाली यायला निघाला आणि अर्ध्यातच थांबला. ड्रायव्हरकाका बुटांकडे बघू लागले. भिंगरीने तोंड उघडलं, आणि तिचा खणखणीत आवाज पुन्हा घशात वस्तीला गेला. सांगायचं तर आत्याचं नाव घ्यावं लागणार, आणि आत्याने ते घ्यायला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

आत्या चालत आली. रोजच्या कपड्यांत, टेप गळ्यात, दोन रांगांमधून तडक. मंचाच्या पायऱ्या चढली, भिंगरीपुढे हात केला. भिंगरीने माईक दिला. आत्याने तो टेलरने कात्री धरावी तसा धरला.

"हे डगले मी शिवलेत," ती म्हणाली. "हसायचं तर मला हसा. या माणसांना नाही."

आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. मग तिने सांगितलं. मशीन कुठे, आरसा कुठे, टीव्ही कुठे. इतकी वर्षं आपण ही मालिका पाठमोरी बसून पाहिली. उल्का उजवीकडून आल्या असं आम्हाला वाटायचं, त्या डावीकडून येत असणार. खटारा निघाला की आम्हाला वाटायचं परत आला. तो बिल्ला कुठल्या बाजूला हे मी डोक्याला विचारलंच नाही, हात डोळ्यांचं ऐकत गेला. चूक आहे. पण शिलाई पक्की आहे, कुणीही ओढून बघा.

आता पुन्हा हसू झालं, पण ते वेगळं होतं, ऊब असलेलं. चष्मेवाले गृहस्थ खाली बसले होते आणि बोटाने हवेत डावं-उजवं करून बघत होते.

मिस्त्रीणबाई उठल्या. कुणाचा हात न घेता पायऱ्या चढल्या, डॉक्टरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. बिल्ल्यावरून, पट्टीवरून नजर फिरवली. मग आत्याकडे वळल्या.

"तुमचा डगला कुठंय?"

आत्या म्हणाली, घरी आहे. भिंगरी म्हणाली, नाही, माझ्या पिशवीत आहे. आत्याने तिच्याकडे अशी नजर टाकली की त्यातून घरी गेल्यावर काय होणार ते कळावं. पण मिस्त्रीणबाईंनी हात पुढे केला होता, आणि मिस्त्रीणबाईंना नाही म्हणायचं कसं हे आत्याला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. भिंगरीने डगला काढला, फलकामुळे त्याला जरा चुणी पडली होती, ती आत्याने आधी हाताने दाबून बसवली आणि मग तो घातला. पहिल्यांदा.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचा बिल्ला डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, म्हणजे बरोबर एकमेकांसमोर. पट्टीसमोर पट्टी. मिस्त्रीणबाईंनी उजवा हात बिल्ल्यावर ठेवला. आत्याचा डावा हात आपसूक वर गेला. आणि सगळ्या सभागृहाला दिसलं की दोघींच्या मधे जणू एक मोठा आरसा उभा आहे.

मिस्त्रीणबाईंनी सलामीचा हात खाली घेतला. मग माईक नसतानाही पहिल्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पडद्यावर मी स्वतःला कधी बघत नाही, लाज वाटते. हा डगला मला दिसायचा तो फक्त मेकअपच्या खोलीतल्या आरशात. तिथे बिल्ला याच बाजूला असायचा. तुमच्या." त्यांनी आत्याच्या पट्टीवरची उरलेली चुणी बोटाने सारखी केली. "बाकी सगळ्यांनी कॅमेऱ्याला दिसला तो डगला शिवला. मला दिसायचा तो तुम्ही शिवलात."

आत्याला काहीतरी बोलायचं होतं, फार मोठं, इतक्या वर्षांचं. पण तोंडातून निघालं ते एकच, सवयीचं. "चालतंय ना, बाई?"

मिस्त्रीणबाईंनी आत्याच्या खांद्यावर एक दणका दिला, यंत्राला द्यायच्या तसा. कान पुढे करून ऐकल्यासारखं केलं.

"चालतंय अजून," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सभागृहात जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. लोक खुर्च्यांवर उभे होते. पार्लरताई रडत होती आणि रडता रडता मिस्त्रीणबाईंना सांगत होती की तुमचे केस मात्र अगदी छान कापलेत. भिंगरीला आपला आवाज परत सापडला होता, पण माईक आत्याच्या हातात होता आणि आत्या तो सोडायला तयार नव्हती. भिंगरीने पहिल्यांदाच माईक नसल्याचं दुःख केलं नाही. गट पुन्हा चालला. या वेळी आत्या पुढे होती, टेप डगल्यावरूनच गळ्यात, आणि सलामी डाव्या हाताने.

कार्यक्रम संपल्यावर चष्मेवाले गृहस्थ जवळ आले. घसा साफ केला. मग सांगू लागले, की आपल्याकडे एक डगला आहे, अचूक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो फक्त जाण्याचा आहे. खटारा जातो तसा परतही यायला हवा. तर एक परतीचा शिवून मिळेल का? आत्याने गळ्यातली टेप काढली आणि तिथेच त्यांच्या खांद्यांचं माप घेतलं. तिचं माप घेऊन होईपर्यंत त्यांच्या मागे आणखी लोक उभे राहिले होते.

पुढच्या संध्याकाळी दुकानात नवा भाग होता. भिंगरीने आणि ड्रायव्हरकाकांनी मिळून एक लांब वायर आणली होती. टीव्ही फळीवरून उतरवून थेट आरशाच्या शेजारी मांडला, सरळ, आत्याच्या डोळ्यांपुढे. आता बघ नीट, भिंगरी म्हणाली. आत्या मशीनवर बसली. मालिकेचं नाव सुलट्या अक्षरांत आलं. खटारा निघाला. कप्तान बोलू लागला.

आत्या अस्वस्थ झाली. मागे बसलेले डॉक्टरही मान वाकडी करून बघू लागले. पार्लरताई म्हणाली, "याचा भांग कुणी बदलला?"

"ही कोणी दुसरीच माणसं आहेत," आत्या म्हणाली. "बरी दिसतायत बिचारी. पण आपली नाहीत."

ड्रायव्हरकाका उठले. त्यांनी टीव्ही उचलून पुन्हा फळीवर ठेवला. आरशात खटारा फिरला, परतीच्या वाटेला लागला, आणि अर्थातच बंद पडला. इंजिनाच्या खोलीतून आता नवीन मिस्त्रीण आली, तरणी पोर, हातात तोच जुना पाना. आत्याचे पाय मशीनवर थबकले.

मिस्त्रिणीने यंत्राला दणका घातला.

भिंगरीने आरशात बघितलं. मशीनच्या मागे ओळीने बसलेली माणसं, सगळ्यांचे ओठ एकदमच हलले, आणि आत्याचं मशीन धावायला लागलं.